आतड्याला छिद्र पडण्याआधीचे २४ तास

२९व्या आठवड्यात जन्मलेलं ११०० ग्रॅमचं बाळ. वय पंधरा दिवस, नळीतून दूध सुरू. पुढे दिलेला क्रम कुणा एका बाळाचा नाही. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजेच एनईसी, हा आतड्याचा आजार बिघडत जातो तेव्हा साधारण असाच बिघडतो.

२४ तास आधी : दूध पचेनासं होतं. नळीतून ओढून पाहिलं तर मागच्या वेळचं दूध तसंच, त्यात हिरवट झाक. बाळ मलूल.

१८ तास आधी : पोट फुगतं. मधूनच श्वास थांबतो, ठोके मंदावतात. दूध थांबवून एक्स-रे आणि रक्ततपासणी करण्याची वेळ हीच.

१२ तास आधी : शीमध्ये रक्त दिसतं. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीतच बारीक काळे बुडबुडे. जंतूंनी दूध आंबवून तयार केलेला, हायड्रोजन असलेला वायू जखमी अस्तरातून भिंतीत शिरलेला असतो. १९७८ साली मार्टिन बेल यांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या; त्यानुसार अशा बाळात हा वायू दिसला की एनईसी पक्का. दूध पूर्ण बंद, पोटातली हवा काढायला नळी, शिरेतून पोषण, अँटिबायोटिक, दर सहा-आठ तासांनी पुन्हा एक्स-रे आणि बालशल्यचिकित्सकाला बोलावणं. एवढ्यावर अनेक बाळं शस्त्रक्रियेविना सावरतात.

६ तास आधी : जी सावरत नाहीत, त्यांच्या प्लेटलेट घसरतात, रक्तातलं आम्ल वाढतं, पोटाची कातडी लाल होते. वायू आता यकृताच्या शिरांत दिसतो.

शून्य तास : डाव्या कुशीवर निजवून काढलेल्या एक्स-रेत यकृतालगत मोकळी हवा. आतडं फुटलं. मेलेला भाग कापून पोटावर स्टोमा, म्हणजे शी बाहेर पडायला आतड्याचं तोंड, करावा लागतो. फार नाजूक बाळात आधी नुसती ड्रेनची नळी घालतात. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे अपुऱ्या आतड्यावर जगावं लागतं.

या आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत शीवच्या रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी, म्हणजे मातांनी दान केलेल्या दुधाची पेढी, सुरू केली. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि आईला दूध कमी येत असेल, तर पावडरीच्या आधी दूधपेढीची चौकशी करा. ज्या मातांना जास्त दूध येतं, त्यांनी ते जरूर दान करावं.