म्हातारपणची पुंजी एकाच हाती? सिंदी (रेल्वे) ते १९५६

१/ मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्याच मार्गावरच्या, वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यानच्या सिंदीने आपल्या नावातच रेल्वेला जागा दिली. (वर्ध्याजवळची सिंदी (मेघे) निराळी.)

२/ तोवर म्हातारपणाची तरतूद म्हणजे जमीन, दागिना आणि कर्ता मुलगा. पुढे १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक आली. रेल्वेच्या नोकरीबरोबर प्रॉव्हिडंट फंड आला. विमा कंपन्यांचे एजंट आले. पुंजी चार ठिकाणी विभागली, आणि ती एकाच विश्वासू पेढीकडे का सोपवू नये, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहिला.

३/ या विभागणीला कायद्याचाही आधार होता. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याने सरकारी आणि रेल्वे फंडातील सक्तीच्या ठेवीवर न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्ती आणता येत नसे. सावकाराला घर आणि शेत गाठता येई, हा फंड नाही. तीच रक्कम काढून दुसरीकडे ठेवली की हे कवच गळून पडे.

४/ विम्याला असे कवच नव्हते. १९५६ पूर्वीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. आणखी २५ कंपन्यांचा व्यवसाय, विमेदारांना तोशीस सोसायला लावून, दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी दालमिया समूहातील विमा कंपनीचा कारभार लोकसभेत उघडा पाडला.

५/ १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. मराठी माणूस देशमुखांना त्याच वर्षीच्या, मुंबईच्या प्रश्नावरील राजीनाम्यासाठी ओळखतो. प्रत्यक्षात या घोषणेचा परिणाम अधिक घरांपर्यंत पोहोचला. १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या आयुर्विमा महामंडळात विलीन झाल्या. देशभरच्या विमेदारांची पुंजी, त्यांना न विचारता, एका संस्थेच्या हाती आली.

६/ बुडण्याची भीती गेली, कारण पाठीशी सरकार उभे राहिले. मात्र पैसा कुठे गुंतवायचा हेही आता एकच ठिकाण ठरवणार होते. वर्षही उलटले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. प्रश्न विचारणारे पुन्हा फिरोज गांधीच. मुंबईत न्या. छागला यांच्या आयोगाची सुनावणी खुली ठेवली गेली, बाहेर ध्वनिक्षेपक लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. विमेदारांचे दावे बुडाले नाहीत. पण विखुरलेल्या काळात एका कंपनीच्या चुकीची झळ तिच्याच विमेदारांना बसे. आता एक निर्णय सगळ्यांचा झाला होता.

७/ एकत्र नेमके काय करायचे, हा भेद पुढच्या व्यवस्थांत दिसतो. २०१४ च्या यूएएन क्रमांकाने नोकरदाराची भविष्यनिर्वाह निधीची वेगवेगळी खाती एका ओळखीखाली आणली. राष्ट्रीय पेन्शन योजनेत खात्याची नोंद एका संस्थेकडे आणि पैशाची गुंतवणूक दुसरीकडे असते. दप्तर एक ठेवणे आणि जोखीम एक करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी त्यांची गल्लत होते.

८/ वर्धा जिल्ह्याला याची ओळख २००२ मध्ये झाली. होम ट्रेड या दलाली कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्याच्या व्यवहारांत नागपूर आणि वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे पैसे अडकले. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती, २०२० पासून ती ५ लाख आहे. ती घरामागे नव्हे, माणसामागे आणि बँकेमागे मोजली जाते: पती-पत्नींच्या आपापल्या नावांवरील ठेवींना एकाच बँकेत स्वतंत्र संरक्षण मिळते, एकट्याच्या चार ठेवींना मात्र मिळून एकच.