वकीलपत्र आणि लोकसेवा



मी कायद्याचा अभ्यासक नव्हे. मराठी शिकविण्यातच माझे आयुष्य गेले. तरीही वकिलांनी विनामूल्य केलेल्या लोकसेवेचा विषय मी निवडला, कारण तिचा आरंभ मला भाषेपाशी दिसतो. गरजू माणूस वकिलाच्या दारी येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा एखादा सरकारी कागद असतो, आणि त्यात काय लिहिले आहे हेच त्याला कळत नसते.

या सेवेचा विचार करताना मला प्रथम आठवतात ते पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते प्राण होते. उभय पक्षांच्या संमतीने आणि कोर्टाचा खर्च टाळून तंटे मिटावेत म्हणून सभेने लवाद न्यायालयांचा प्रयोग केला. परंतु काकांची खरी कसोटी लागली ती १८७९ साली. त्या मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आगीत जळाला. सरकारची संशयी दृष्टी सुशिक्षितांवर वळली होती. महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली ती याच वातावरणात. पुढे जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. काकांनी ते घेतले.

फडक्यांना जन्मठेप झाली. १८८३ साली एडन येथे त्यांचा अंत झाला. काका तर त्याआधीच, १८८० साली निवर्तले. पण राजद्रोहाचा आरोप असलेला माणूसही न्यायासनापुढे एकाकी उभा राहिला नाही, याचे मोल मला निकालाहून अधिक वाटते. १८७७ च्या दिल्ली दरबारातील काकांचा खादीचा पोशाख सर्वांना आठवतो. हे वकीलपत्र मात्र आपण विसरतो.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. येथे १८९६ साली न्यायमंदिराची भव्य वास्तू उभी राहिली. मला तिच्याहूनही मोठा वाटतो तो सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू’. राज्यकारभारातील शब्दांना आठ भाषांत प्रतिशब्द देणारा हा कोश. कायदा रयतेला तिच्या बोलीत कळावा, हा त्यामागचा विचार. मात्र कोश अडलेल्याच्या शेजारी बसून नोटीस वाचून दाखवीत नाही. ते काम माणसानेच करावयाचे.

पूर्वी वकिलाच्या मर्जीवर असलेली ही मदत पुढे कायद्याने हक्क ठरली. त्यात गुजरातचा वाटा मोठा आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या समितीने १९७१ साली या राज्यासाठी अहवाल दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला. १९८२ साली लोकअदालतीचा आरंभ झाला तो तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातील उना येथे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो, हे त्याच्या बाराव्या कलमात लिहिले आहे. पण हे कलम ज्यांच्यासाठी आहे, त्यांतील कितीजणांपर्यंत ते पोहोचले असेल?

म्हणून येथे बसलेल्या वकील माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक सायंकाळ शाळेच्या एखाद्या वर्गात बसा. येईल त्याचा कागद मराठीत वा गुजरातीत वाचून दाखवा. विधी सेवा समितीचे कार्यालय कोठे आहे, अर्ज कसा करावा, ते सांगा. त्याच बाकांवर दहावी-बारावीची मुले येतील. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, सनदेबरोबरच बार परीक्षाही द्यावी लागते, हे त्यांना घरी सांगणारे कोणी नसते. पहिली काही वर्षे हाती फारसे पैसे येत नाहीत, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. तळमजल्यावरचा कोपऱ्यातील वर्ग शनिवारी रिकामा असतो.