कृष्णाकाठच्या सात आळ्या

वाईत कोणाचं घर विचारलं, तर उत्तरात आधी आळी येते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. जुनं गाव वसलं ते असं, नदीला धरून. घाटावर उतरायचं, पाणी भरायचं, धुणं धुवायचं आणि संध्याकाळी तिथेच पायऱ्यांवर टेकायचं.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सह्याद्री उतरून इथे सपाटीला लागते. पाणी आणि कसदार जमीन असलेल्या या खोऱ्यात माणूस फार पूर्वीच स्थिरावला. जवळच्या लोहारे गावाची बौद्ध लेणी त्याची साक्ष देतात. लोकपरंपरा मात्र आणखी मागे जाते आणि वाईला पांडवांच्या अज्ञातवासाची विराटनगरी म्हणते.

आदिलशाहीत वाई हे सुभ्याचं ठाणं झालं. अफझलखान इथला सुभेदार होता. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी त्याची छावणी पडली तीही वाईलाच. शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून तेव्हा कृष्णेला नवस बोलला गेला आणि तो फेडताना कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असं वाईकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

आज दिसणारं दगडी वैभव त्यानंतर शतकभराने आलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. त्या सरदार घराण्याने वाईत देवळं आणि घाट उभारले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या ऐन काठावर आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती. पुराचा लोंढा तिच्यावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी नदीला अडवलं नाही, तिला वाट करून दिली. शेजारच्या मेणवलीत नाना फडणवीसांनी वाडा आणि घाट बांधला. तिथली मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतली.

पैसा सरदारांचा असला, तरी गाव बांधून ठेवलं ते आळ्यांनी. कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावर उरकत नाही. प्रत्येक आळी आपल्या घाटावर, आपल्या पाळीला तो करते.

म्हणून वाईला गेलात, तर गणपतीचं दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नका. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत काठाकाठाने चालत जा.