चोरीचे तट्टू व गावाचा माग : सातारा–सांगली प्रदेशातील एक जुनी न्यायरीत

भीमा, नीरा व माण या नद्यांच्या खोऱ्यांत पैदास होणारे दख्खनी तट्टू अंगाने लहान, पण काटक व अल्प वैरणीवर निभावणारे असे. मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर चाकरी करी. शिलेदाराचे जनावर मात्र त्याचे स्वतःचे असे. ते चोरीस गेले म्हणजे चाकरीच गेली. घाटवाटांनी माल नेणाऱ्या उदम्याचीही स्थिती याहून निराळी नव्हती. यास्तव चोरीचे जनावर परत मिळविण्याची रीत हा ग्रामव्यवस्थेच्या इतिहासातील महत्त्वाचा विषय ठरतो.

या रीतीचे मूळ प्राचीन आहे. चोराचे पाऊल गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा; गावाच्या सीमेत चोरी झाल्यास भरपाई त्या गावाने द्यावी, किंवा माग ज्या गावात जाईल त्याने द्यावी, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. गावांपासून कोसाबाहेर घडलेल्या चोरीचा भार भोवतालच्या पाच किंवा दहा गावांवर पडे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्य सहावा विक्रमादित्य याच्या काळी मिताक्षरा ही टीका लिहिली. इंग्लंडातही दहाव्या शतकातील राजाज्ञांत चोरलेल्या गुरांच्या मागासंबंधी असेच नियम आढळतात.

प्रत्यक्ष व्यवहाराचे वर्णन मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात सापडते. गावचा रखवालदार (या भागात बहुधा रामोशी) रात्री पहारा करी, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवी आणि चोरी होताच माग काढी. माग शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील रखवालदाराची खात्री पटविली की पुढील शोधाची जबाबदारी त्याच्याकडे जाई. ज्या गावात माग अखेर स्पष्टपणे पोहोचला, ते गाव चोरीच्या मालाबद्दल जबाबदार धरले जाई.

तट्टाच्या चोरीत या रीतीची खरी कसोटी लागे. दागिना कमरेस लपविता येतो. जनावर मात्र स्वतःचा माग स्वतःच उमटवीत जाते. नाल मारलेला खूर व उघडा खूर यांची उमट वेगळी असते. पण तेच जनावर चोराला रातोरात दूरही नेते. शिवाय कठीण माळावर, ओढ्याच्या पात्रात किंवा बाजाराच्या वर्दळीत माग हरवतो. जनावर सापडल्यावर मालकी पटविण्यास कुमाईत, अबलख, पंचकल्याणी असा रंग आणि देवमणासारखे भोवरे उपयोगी पडत. भोवरे शुभाशुभासाठी पाहिले जात. ओळखीसही ते तितकेच पक्के होते.

या व्यवस्थेचा कठोर भाग दृष्टीआड करणे योग्य नव्हे. भरपाईचा पहिला बोजा ऐपतीप्रमाणे रखवालदारावर व उरलेला सर्व गावावर पडे. पूर्ण किमतीचा आग्रह क्वचितच धरला जाई, तरी दंड बहुधा होई. हयगय किंवा संगनमत दिसल्यास इनाम काढून नात्यातील दुसऱ्यास दिले जाई. म्हणजे एकाच्या तट्टाची किंमत ज्याने ते चोरले नाही अशा गरीब जागल्याने मोजावी, असा प्रसंग येई. त्याच्या हक्काचा आधार तुटला म्हणजे काय होते, हे पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेल्यानंतर उमाजी नाईक यांनी केलेल्या आणि १८३२ साली त्यांच्या फाशीने संपलेल्या बंडावरून दिसते.

सातारा–सांगली भागात शिवेचा प्रश्न अधिक बिकट होता. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह यांचे राज्य निश्चित झाले. त्याच वर्षी सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांचाही इंग्रजांशी करार झाला. सांगली संस्थानचा मुलूख सलग नव्हता. मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. त्यामुळे गावाची शीव कित्येक ठिकाणी राज्याचीही शीव ठरे. जुनी रीत शेजारच्या रखवालदाराच्या कबुलीवर उभी होती. राज्य बदलले की त्या कबुलीमागील वरिष्ठ सत्ताही बदलत असे.

सातारा १८४८ साली खालसा झाले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावच्या बंदोबस्ताला लेखी कायद्याची चौकट मिळाली. सांगली संस्थान १९४८ साली विलीन झाले, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनेही रद्द ठरली. मागाच्या रीतीत गावाला गावाची जामीनकी होती, हे तिचे बळ. ती जामीनकी सर्वांत दुर्बळाच्या पदरात प्रथम पडे, हे तिचे वैगुण्य. या दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून जुन्या ग्रामसंस्थेचे मूल्यमापन पुरे होत नाही.