आकाश, वाळवंट, समुद्र : चिलीतील निषेधाची कविता

२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या आकाशात पाच विमानांनी पांढऱ्या धुराने अक्षरे रेखाटली. अक्षरे स्पॅनिश भाषेतील होती. काही किलोमीटर लांबीच्या अशा पंधरा ओळी एकामागून एक उमटल्या आणि वाऱ्याबरोबर विरून गेल्या. या कवितेचे कर्ते चिलीचे कवी राउल सुरिता हे होते. चिलीचेच कलावंत हुआन डाउनी यांनी तिची चित्रफीत तयार केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘आन्तेपाराइसो’ या संग्रहात आकाशातील त्या ओळींची छायाचित्रे समाविष्ट झाली. जाहिरातीसाठी रूढ असलेले तंत्र एका कवीने कवितेसाठी वापरले, एवढीच या घटनेची नोंद घेतली तर ती एक चमत्कृती ठरेल. परंतु ज्या देशातून हा कवी आला होता त्या देशाच्या राजधानीवर नऊ वर्षांपूर्वी विमानांतून बॉम्ब पडले होते, आणि तो कवी स्वतः त्याच दिवशी कैदी झाला होता. हे ध्यानी घेतले म्हणजे आकाशात लिहिण्याचा अर्थ बदलतो.

चिलीच्या काव्यपरंपरेला प्रयोग अपरिचित नव्हता. व्हिसेन्ते हुइदोब्रो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच कवीने सृष्टीची नक्कल न करता नवी सृष्टी निर्माण करावी, असा आग्रह धरला होता. गाब्रिएला मिस्त्राल (१९४५) आणि पाब्लो नेरुदा (१९७१) या दोन नोबेल पारितोषिक विजेत्यांमुळे या लहानशा देशाची कविता जगभर पोचली. निकानोर पार्रा यांनी १९५४ मध्ये ‘प्रतिकविते’चा पुरस्कार करून काव्यभाषेतील भारदस्तपणाला सुरुंग लावला, आणि १९७२ मध्ये तर त्यांनी आपल्या रचना पोस्टकार्डांच्या संचाच्या रूपात प्रसिद्ध केल्या. कविता पुस्तकाबाहेर पडू शकते, हा विचार अशा रीतीने आधीच रुजला होता. मात्र तोवर पुस्तकाबाहेर पडणे हा कवीच्या स्वेच्छेचा भाग होता. १९७३ नंतर ती निकड झाली.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. हवाई दलाच्या विमानांनी सान्तियागो येथील ‘ला मोनेदा’ या अध्यक्षीय प्रासादावर बॉम्ब टाकले. आयेंदे यांचा तेथेच अंत झाला. गायक व्हिक्टर हारा यांना एका क्रीडागारात डांबून ठार करण्यात आले. २३ सप्टेंबरला नेरुदांचे निधन झाले. सैनिकांनी रस्त्यावर ग्रंथांच्या होळ्या पेटवल्या. चित्रकलेतील घनवादावरील पुस्तके क्यूबाविषयीची समजून जाळली गेली, अशी एक कथा त्या काळाविषयी आजही सांगितली जाते. विद्यापीठांवर लष्करी कुलप्रमुख नेमले गेले. पुढे पुस्तक छापण्यापूर्वी सरकारची अनुमती घेण्याचे बंधन आले, ते १९८३ पर्यंत टिकले. जनरल आउगुस्तो पिनोचेत यांची राजवट मार्च १९९० पर्यंत चालली. त्या काळात तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. राजकीय कारणांसाठी तुरुंगवास व छळ सोसलेल्या ज्या व्यक्तींना शासकीय आयोगांनी पुढे अधिकृत मान्यता दिली, त्यांची संख्या ३८,२५४ इतकी आहे.

राउल सुरिता त्या वेळी तेवीस वर्षांचे होते आणि वाल्पाराइसो येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. उठावाच्या पहाटेच त्यांना पकडण्यात आले. बंदरात उभ्या असलेल्या ‘माइपो’ या मालवाहू जहाजाच्या तळघरात शेकडो कैद्यांना कोंबण्यात आले होते. त्यांत सुरिता सुमारे तीन आठवडे होते. त्यांच्याजवळ कवितांची एक चळत होती. सैनिकांना त्या रचनांतील आकृत्या आणि विचित्र मांडणी पाहून प्रथम सांकेतिक लिपीचा संशय आला आणि नंतर त्यांनी ते कागद समुद्रात फेकून दिले, असे सुरिता यांनी सांगितले आहे. या प्रसंगात एक विदारक उपरोध आहे. प्रयोगशील कवितेवर ‘दुर्बोध’ असा आक्षेप समीक्षक नेहमीच घेत आले. येथे तोच आक्षेप बंदूकधाऱ्याने घेतला आणि त्याची अंमलबजावणीही केली.

सुटकेनंतरचा काळ बेकारीचा आणि अवमानाचा होता. १९७५ मध्ये एका गस्ती पथकाने केलेल्या अपमानानंतर सुरिता यांनी स्वतःचा गाल भाजून घेतला. १९७९ मध्ये ‘पुर्गातोरियो’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा मुखपृष्ठावर त्या व्रणाचेच छायाचित्र होते. आत ओळखपत्रावरील चित्र, मानसोपचाराच्या अहवालाचे पत्र आणि मेंदूच्या विद्युत्‌लेखाच्या पट्ट्या छापल्या होत्या. अहवालातील रुग्णाचे नाव खोडून तेथे स्त्रियांची नावे लिहिली होती. दान्तेच्या महाकाव्यातील शुद्धिलोकाचे नाव धारण करणाऱ्या या पुस्तकात ‘मी’ म्हणणारा एकसंध निवेदकच उरलेला नाही. सत्तेने ज्या माणसाचे तुकडे केले त्याने अखंड वाक्यात बोलावे तरी कसे, हा प्रश्न त्या मांडणीमागे आहे. लष्करी राज्यात कागद हेच नियंत्रणाचे साधन असते. ओळखपत्र, अहवाल आणि यादी यांच्याच आधारे माणूस पकडला जातो आणि नाहीसाही केला जातो. ते कागदच कवितेत आणून बसवणे हा या प्रयोगाचा गाभा होता.

त्याच १९७९ साली सुरिता, कादंबरीकार दियामेला एलतित, दृश्यकलावंत लॉटी रोझेनफेल्ड व हुआन कास्तियो आणि समाजशास्त्रज्ञ फर्नांदो बालसेल्स यांनी ‘काडा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा गट स्थापन केला. ऑक्टोबर महिन्यात या गटाने सान्तियागोच्या ला ग्रान्हा या गरीब वस्तीत अर्धा लिटर दुधाच्या शंभर पिशव्या वाटल्या. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना आयेंदे सरकारने आखली होती. त्या सरकारचे नाव उच्चारणे धोक्याचे असताना दुधाची पिशवी ते नाव न उच्चारता सांगत होती. पुढे दुधाच्या मोटारींची रांग राष्ट्रीय ललितकला संग्रहालयासमोर उभी करण्यात आली आणि संग्रहालयाचे प्रवेशद्वार पांढऱ्या कापडाने झाकण्यात आले. कला आत नाही, बाहेर उपाशी वस्तीत आहे, असा त्याचा रोख होता. १२ जुलै १९८१ रोजी सहा लहान विमानांतून सान्तियागोवर चार लाख पत्रके टाकण्यात आली. आपल्या जगण्याचा अवकाश मनाने का होईना विस्तारू पाहणारा प्रत्येक मनुष्य कलावंत आहे, असा त्या पत्रकांचा आशय होता. ज्या आकाशातून १९७३ मध्ये बॉम्ब आले त्याच आकाशातून आता कागद येत होते. बॉम्बफेकीची स्मृती ताजी असलेल्या नगरवासीयांना याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नव्हती.

लॉटी रोझेनफेल्ड (१९४३–२०२०) यांची कृती तर याहूनही अल्पाक्षरी होती. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांनी सान्तियागोच्या एका रस्त्यावर मैलभर अंतरातील वाहतुकीच्या तुटक पांढऱ्या रेषांवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक रेषेची फुली झाली. रस्त्यावरील रेषा ही आज्ञा असते. ती निमूटपणे पाळली जाते म्हणून आज्ञा आहे हे जाणवतही नाही. त्या रेषेला छेद देताच ती आज्ञा दिसू लागली. ती फुली थडग्यावरचा क्रूस होती आणि अधिकाचे चिन्हही. १९८३ मध्ये उठावाला दहा वर्षे होत असताना ‘काडा’ने हेच चिन्ह भिंतींवर नेले. ‘नको’ या शब्दापुढे अधिकाचे चिन्ह, म्हणजे ‘आणखी नको’, एवढेच लिहून पुढची जागा मोकळी सोडली जाई. काय नको ते नागरिकांनी रात्रीच्या अंधारात भरावे; कोणी ‘छळ’ लिहावे, कोणी ‘मृत्यू’, कोणी ‘भूक’. थोड्याच काळात हे चिन्ह मोर्च्यांच्या फलकांवर आले आणि त्याचे कर्ते कोण हे विचारण्याचे कारण उरले नाही. एखाद्या प्रयोगशील कलाकृतीला याहून मोठे यश क्वचितच लाभले असेल.

तथापि या कवी-कलावंतांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादा झाकण्याचे प्रयोजन नाही. त्यांची भाषा सुशिक्षितांची होती आणि त्यांच्या कृतींचे अर्थ लावणारे वर्तुळ लहान होते. याच काळात कैद्यांच्या व बेपत्ता माणसांच्या आया-बहिणी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवीत होत्या. ‘आर्पियेरा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांत अँडीज पर्वत असे, त्याखाली लहान घरे असत, आणि दारात ‘ते कोठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बायका असत. कधी कधी बेपत्ता माणसाच्या कपड्याचाच तुकडा त्यात असे. ही चित्रे देशाबाहेर विकली गेली, त्यांनी घरे चालवली आणि जगाला बातमी कळवली. त्यांच्यामागे कोणतेही कलाशास्त्र नव्हते. तेव्हा प्रयोगाची गरज होतीच का, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की गोणपाट आणि धुराची अक्षरे यांच्यामागील विवंचना एकच होती. जे छापता येत नाही ते कोठे लिहावयाचे? बायकांना घरातील चिंध्या सापडल्या. कवींना आकाश, रस्ता आणि भिंत सापडली. या दृष्टीने पाहता प्रयोग हा नावीन्याचा हव्यास नव्हता, तो कागदाचा शोध होता.

हा शोध लष्करी राजवटीबरोबर संपला नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये उत्तरेकडील कालामा या गावी सव्वीस राजकैद्यांना गोळ्या घालून वाळवंटात पुरण्यात आले होते. त्यांच्या बायका वर्षानुवर्षे फावडी घेऊन अताकामाचे वाळवंट उकरीत राहिल्या; १९९० मध्ये त्यांच्या हाती लागले ते केवळ अस्थींचे तुकडे. १९९३ मध्ये सुरिता यांनी त्याच अताकामाच्या भूमीवर यंत्रांच्या साहाय्याने चार शब्दांची एक ओळ खोदवून घेतली. दुःख आणि भय या दोहोंनाही नकार देणारी ही ओळ तीन किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि ती पूर्णपणे वाचावयाची तर आकाशात जावे लागते. धुराची अक्षरे काही मिनिटांत विरली होती. ही टिकावीत म्हणून जमिनीत कोरली गेली. लोकशाही परतली म्हणून शोक संपत नाही, हे त्या खोदकामाने सांगितले.

समुद्राचे रहस्य उघडण्यास आणखी काळ जावा लागला. सप्टेंबर १९७६ मध्ये मार्ता उगार्ते या कम्युनिस्ट कार्यकर्तीचा छळाच्या खुणा असलेला मृतदेह किनाऱ्याला लागला होता. तेव्हाच्या वृत्तपत्रांनी त्याला खाजगी गुन्ह्याचे रूप दिले. जानेवारी २००१ मध्ये मात्र सशस्त्र दलांच्या माहितीच्या आधारे राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांनी जाहीरपणे सांगितले की अनेक बंद्यांचे देह समुद्रात, नद्यांत आणि सरोवरांत टाकण्यात आले. प्रेते वर येऊ नयेत म्हणून त्यांना रुळांचे लोखंडी तुकडे बांधले जात, हेही पुढे न्यायालयीन तपासात सिद्ध झाले. ज्या समुद्रात एका तरुणाच्या कविता फेकल्या गेल्या होत्या त्याच समुद्रात माणसेही फेकली गेली होती. २००३ मध्ये आलेल्या सुरिता यांच्या ‘इन्री’ या संग्रहाला ही कबुलीच कारण झाली. क्रूसावरील पाटीचे नाव घेणाऱ्या या पुस्तकात समुद्र, पर्वत आणि वाळवंट यांनाच मृतांचे दफन करावे लागते, कारण माणसांना ते करू दिले गेले नाही.

या प्रवासाचा एक मुक्काम भारतात आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकीच्या तिसऱ्या पर्वाचे संयोजन मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी यांच्याकडे होते आणि त्यांनी कवींनाही आमंत्रित केले होते. फोर्ट कोचीतील ॲस्पिनवॉल हाउसच्या जुन्या गोदामात सुरिता यांनी ‘वेदनेचा समुद्र’ हे मांडणशिल्प उभारले. गोदामात समुद्राचे पाणी भरले होते. भिंतींवर छोटे छोटे प्रश्न होते आणि कविता पलीकडच्या भिंतीवर होती. ती वाचावयाची तर पादत्राणे काढून, कपडे सावरून त्या पाण्यातून चालत जावे लागे. ही कृती गालिप कुर्दीला अर्पण केली होती. सीरियातील युद्धातून पळणाऱ्या कुटुंबाची नाव सप्टेंबर २०१५ मध्ये बुडाली तेव्हा आलान कुर्दी या बालकाचे किनाऱ्यावरील छायाचित्र जगभर पोचले. त्याचा थोरला भाऊ गालिपही त्याच वेळी बुडाला. पण त्याचे तसे छायाचित्र जगभर पोचले नाही.

छायाचित्र नसलेल्या मुलासाठी कविता लिहिणे हे ‘माइपो’ जहाजात आरंभलेल्या कामाचेच पुढचे पाऊल होते. ज्यांची नोंद सत्तेने खोडली, ज्यांना थडगे मिळाले नाही, त्यांच्यासाठी जागा शोधणे हेच ते काम. या कवितेने एकही युद्ध थांबवले नाही आणि तुरुंगाचे एकही दार उघडले नाही. तसा दावाही तिने केला नाही. तिने एवढेच केले की ज्या आकाशातून, ज्या मातीत आणि ज्या पाण्यात हिंसा घडली, ती स्थळे हिंसा करणाऱ्यांच्या ताब्यात राहू दिली नाहीत. कोचीच्या गोदामात पाण्यातून चालून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेला वाचक परतला तेव्हा त्याचे पाय ओले होते. तो ओलावा घरापर्यंत गेला असेल, तर कवितेचे काम झाले.