जुन्या येझदीला पेट्रोल नीट पोचतंय का? असं तपासा

काकांची येझदी रोडकिंग घेऊन मालवणहून निघालो आणि कसालच्या अलीकडे ती गचके देत बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं. पाच मिनिटांनी सुरू झाली, थोडं अंतर गेल्यावर परत बंद!

या गाडीत पेट्रोलला पंप नसतो. ते टाकीतून कॉक आणि पाईपमार्गे आपल्याच वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरतं. येझदी टू-स्ट्रोक आहे, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून दुर्लक्ष नको.

कसं तपासायचं?

1. गाडी मोकळ्या हवेत, इंजिन थंड. आग, सिगारेट, फोन लांब.
2. कॉक बंद करा. पाईप कार्बोरेटरच्या बाजूने काढून पत्र्याच्या डब्यात सोडा.
3. कॉक उघडा आणि मिनिटभर धार बघा.

धार काय सांगते?

- पहिल्यापासून बारीक: कॉकची जाळी किंवा पाईप तुंबलाय. आपल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, तोच गंज जाळीत अडकतो.
- फक्त रिझर्व्हवर येते: बहुतेक पेट्रोलच कमी आहे.
- हळूहळू मंदावते: टाकीचं झाकण उघडा. धार लगेच वाढली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय.
- सलग, जोरदार: आता कार्बोरेटर तपासा.

आमच्या गाडीचं झाकणाचं भोकच बुजलं होतं. बारीक तारेने साफ केलं, खर्च शून्य. कोडमधला बग शोधतो तसंच हे: एका वेळी एकच गोष्ट तपासा.