निस्तार आणि आंतरजाल : विद्यापीठीय ग्रंथालयातील उपयोग-नियमांचा एक ऐतिहासिक विचार

चांदा जिल्ह्याच्या महसुली व्यवहारात ‘निस्तार’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ आहे. जळाऊ लाकूड, बांबू, गवत, चराई यांबाबत गावकऱ्यांस घरगुती व शेतीच्या गरजेपुरता जो हक्क असे, त्यास निस्तार म्हणत. हा हक्क विक्रीकरिता नसे. तो गरजेने मर्यादित असे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निस्तारपत्रकाची तरतूद ठेवली आहे. विद्यापीठीय ग्रंथालयातील संगणक व आंतरजाल यांच्या उपयोगाचे नियम तपासताना या संज्ञेचे स्मरण उद्बोधक ठरते.

संगणकजाळ्याच्या ‘स्वीकार्य उपयोगा’ची कल्पना विशेषेकरून अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या एन.एस.एफ.नेट या जाळ्याबरोबर प्रचारात आली. सार्वजनिक द्रव्यावर चालणाऱ्या या जाळ्याचा उपयोग संशोधन व शिक्षण यांसाठी व्हावा, निव्वळ व्यापारासाठी होऊ नये, असा त्या नियमांचा आशय होता. म्हणजे मुळात हा नियम साधनाचे प्रयोजन राखण्यासाठी जन्मला. वाचकावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे. १९९५ मध्ये त्या जाळ्याचा मुख्य कणा बंद झाला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांस खुले झाले. तत्पूर्वीच, १९९१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालये जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’चा उपक्रम हाती घेतला होता.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी स्थापन झाले. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली अशा दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रंथालयातील संगणक हा केवळ संशोधनपत्रिकांचा मार्ग नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज व परीक्षेचे आवेदनही त्याला तेथूनच भरावे लागण्याचा संभव असतो. ‘केवळ शैक्षणिक उपयोग’ हे शब्द काटेकोरपणे लावले, तर ज्याच्या घरी संगणक आहे त्याचे काहीच बिघडत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याचे शिक्षणच अडते. यास्तव गरजेची व्याख्या कोणी व कशी करावी, हाच येथील मुख्य प्रश्न होय.

वनांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. १८७८ च्या वन कायद्यान्वये राखीव वनात, स्थूलमानाने, जे अनुज्ञात नाही ते सर्व निषिद्ध ठरे. संरक्षित वनात जे निषिद्ध नाही ते अनुज्ञात राही. ग्रंथालयाने दुसरा मार्ग पत्करणे अधिक युक्त आहे. मात्र निषेध नेमक्या शब्दांत सांगितलेला असावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्यामागे त्यातील शब्दांची संदिग्धता हेही एक प्रमुख कारण होते. ‘अनुचित संकेतस्थळे’ असा मोघम शब्द नियमावलीत घालणे म्हणजे तोच दोष लहान प्रमाणात पुन्हा करणे होय.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. बांबू तोडला की बेटातील बांबू कमी होतो. निबंध वाचल्याने निबंध कमी होत नाही. कमी पडतात ती यंत्रे, वेळ व जाळ्याची वहनक्षमता. म्हणून मर्यादा यांवर असावी, वाचनाच्या विषयावर नसावी. तथापि एका बाबतीत साम्य पूर्ण आहे. एखाद्याने यांत्रिक रीतीने पत्रिकांचे अंकच्या अंक उतरवून घेतले, तर प्रकाशक करारभंगाच्या कारणाने साऱ्या संस्थेचा प्रवेश रोखू शकतो. एकाच्या हावेने सर्वांचा निस्तार बुडतो. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेने शासकीय उच्चशिक्षण संस्थांना सहस्रावधी पत्रिका खुल्या झाल्या असल्याने ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाची ख्याती केवळ हक्कामुळे नाही. उपयोगाचे नियम ग्रामसभेने सर्वसहमतीने ठरविण्याच्या प्रथेमुळे आहे. ग्रंथालयाच्या नियमसमितीत विद्यार्थ्यांस स्थान असावे, प्रत्येक निर्बंधाचे कारण लिहिलेले असावे, वापराची नोंद किती काळ ठेवली जाईल हे आधी सांगितलेले असावे आणि कारवाईपूर्वी म्हणणे ऐकून घेतले जावे, एवढा बोध त्यातून सहज निघतो. ज्या प्रदेशाने वन हे सर्वांचे आणि म्हणूनच मर्यादेने वापरावयाचे, हा विचार जोपासला, त्या प्रदेशातील ग्रंथालयास त्यासाठी फार दूर पाहावे लागू नये.